क्लिपच्या ठरावीक भागालाच ब्लर हवा आहे, पण सगळी क्लिप धूसर होते

क्लिपकट – प्रश्न

शॉटकट हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतोय, विंडोजवर. एक मिनिट ५० सेकंदांची क्लिप आहे, १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम. त्यात ४२व्या ते ५५व्या सेकंदाच्या दरम्यान बोलणाऱ्याच्या हातात एक कागद येतो आणि त्यावरचा फोन नंबर स्वच्छ वाचता येतो. तो नंबर तेवढ्या वेळापुरता झाकायचा आहे.

‘ब्लर: बॉक्स’ लावला की पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आख्खी फ्रेम धूसर होते. क्लिप कापून मधल्या तुकड्याला लावलं तर वेळ जमते, पण त्या १३ सेकंदांत माणूसही दिसेनासा होतो. शिवाय कागद स्थिर नाही. हात हलतो तसा तो सरकतो, आणि मध्ये एकदा कॅमेऱ्याच्या बराच जवळ येतो.

क्लिपवर आधीच कॉन्ट्रास्ट आणि व्हाइट बॅलन्स केलेलं आहे, ‘साइझ, पोझिशन अँड रोटेट’ लावून थोडं झूमही केलंय. ते बिघडायला नको. कापावंच लागतं का, की न कापता होतं? पायऱ्या क्रमाने सांगितल्यात तर बरं होईल.

फ्रेमवार

ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळी धरली की गोंधळ संपतो. एक, इफेक्ट कधीपासून कधीपर्यंत. दुसरं, फ्रेमच्या कोणत्या जागेवर. कापल्याने फक्त वेळ ठरते. जागा ठरवायला मास्कच लागतो, म्हणजे इफेक्टला मर्यादा घालणारा आकार, मग सॉफ्टवेअर कोणतंही असो.

आधी वेळ. कापायचं असेल तर प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती उभी रेघ) ४२ सेकंदांवर नेऊन ‘एस’ दाबा, ५५वर नेऊन पुन्हा ‘एस’, आणि मधल्या तुकड्यावर क्लिक करून फिल्टर लावा. यात एक अडचण आहे. कापताना क्लिपवरचे सगळे फिल्टर तिन्ही तुकड्यांवर जातात, पण त्यानंतर ते एकमेकांशी जोडलेले राहत नाहीत. उद्या कॉन्ट्रास्ट थोडा कमी करावासा वाटला तर तीन ठिकाणी बदलावा लागेल, आणि एक तुकडा राहिला तर कटच्या जागी रंग उडी मारताना दिसतो. कापायचंच ठरवलंत तर रंगांचे फिल्टर क्लिपवरून काढून ट्रॅकवर लावा. ट्रॅकच्या नावाच्या चौकटीवर क्लिक केलं की फिल्टर पॅनल त्या ट्रॅकसाठी उघडतं. तिथे लावलेली दुरुस्ती ट्रॅकवरच्या सगळ्या तुकड्यांना सारखी लागते. अर्थात त्या ट्रॅकवर दुसऱ्या क्लिपा असतील तर त्यांनाही लागेल, तेव्हा ही क्लिप वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

न कापताही होतं आणि तुमच्या कामाला मला तेच बरं वाटतं. फिल्टर निवडलेला असताना कीफ्रेम पॅनल उघडा (कीफ्रेम म्हणजे ठरावीक फ्रेमवर नोंदवलेलं मूल्य, दोन नोंदींच्या मधली मूल्यं सॉफ्टवेअर स्वतः भरतं). तिथे त्या फिल्टरची स्वतःची पट्टी दिसते, सुरुवातीला ती पूर्ण क्लिपइतकी लांब असते. प्लेहेड ४२ सेकंदांवर ठेवून डावा चौकोनी कंस दाबला की फिल्टर तिथून सुरू होतो, ५५वर उजवा चौकोनी कंस दाबला की तिथे संपतो. पट्टीची टोकं माउसने ओढूनही चालतं. रंग आणि झूमच्या फिल्टरना हात लावायचा नाही, ते पूर्ण लांबीचेच राहतात.

आता जागा. फिल्टरच्या यादीत या क्रमाने तीन गोष्टी हव्यात: वर ‘मास्क: सिंपल शेप’, त्याखाली ‘ब्लर: बॉक्स’, त्याखाली ‘मास्क: अप्लाय’. शॉटकट यादी वरून खाली चालवतं. सिंपल शेपपाशी आलं की ते मूळ चित्राची एक प्रत बाजूला ठेवतं आणि आकाराबाहेरचा भाग पारदर्शक करतं. मग मधले फिल्टर उरलेल्या तुकड्यावर चालतात, आणि अप्लाय हा तुकडा बाजूला ठेवलेल्या मूळ चित्रावर परत बसवतं. हे लक्षात असलं की चुकलेलं नुसतं पाहून ओळखता येतं. आकाराबाहेर सगळं काळं दिसत असेल तर अप्लाय लावलेलं नाही. आख्खी फ्रेम धूसर असेल तर ब्लर या दोघांच्या मध्ये नाही, वर किंवा खाली पडलाय.

सिंपल शेपमध्ये आकार आयत ठेवा. आडवी-उभी जागा आणि रुंदी-उंची टक्क्यांत असते. कागद तिरका धरलेला असेल तर रोटेशन वापरा, त्याने चौकट लहान ठेवता येते. तिन्ही फिल्टरची सुरुवात आणि शेवट अगदी एकाच फ्रेमवर आणा. अप्लायची पट्टी दोन फ्रेम आधी संपली तर त्या दोन फ्रेम बाहेरून काळ्या होतील, आणि तो झटका चालू व्हिडिओत डोळ्याला लगेच बोचतो.

झूमबद्दल. नवीन फिल्टर यादीत शेवटी जातो, म्हणजे तुमचा मास्क ‘साइझ, पोझिशन अँड रोटेट’च्या खाली येईल. झूम स्थिर असेल तर काही अडत नाही, झूम झालेल्या चित्रावर चौकट बसवा. झूमला कीफ्रेम असतील तर मात्र तिन्ही फिल्टर उचलून झूमच्या वर न्या. मग चौकट मूळ चित्राला चिकटते आणि चित्र मोठं झालं की तीही मोठी होते. झूमचा फिल्टर सिंपल शेप आणि अप्लायच्या मध्ये मात्र कधीच ठेवू नका. तसं केलं तर फक्त कापलेला तुकडा हलतो आणि खालच्या मूळ चित्रातला नंबर उघडा पडतो.

रोटोप्रेमी

फ्रेमवार यांनी बहुतेक सगळं सांगितलंय, सरकणाऱ्या कागदाबद्दल मी भर घालतो.

तुमचे १३ सेकंद म्हणजे ३९० फ्रेम. प्रत्येक फ्रेमवर चौकट हलवायची गरज नाही, आणि तसं केल्याने चौकट उलट थरथरते. सिंपल शेपमध्ये प्रत्येक मूल्याशेजारी घड्याळाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की कीफ्रेम सुरू होतात. आडवी जागा, उभी जागा, रुंदी, उंची या चारही गोष्टींचे सुरू करा, कारण कागद जवळ येतो तेव्हा नुसती जागा बदलून पुरत नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्या फ्रेमवर चौकट बसवा, मग शेवटच्या फ्रेमवर. नंतर मधोमध जाऊन पाहा, तिथे सरकली असेल तर तिथे बसवा. मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर जा. जिथे चौकट आपोआप बरोबर बसलेली सापडते, तिथे कीफ्रेम घालू नका. असं अर्धं-अर्धं करत गेलं की कीफ्रेम फक्त हाताची दिशा बदलते तिथेच पडतात, आणि हालचाल कागदासारखीच वाटते. पहिल्या फ्रेमपासून दर पाच फ्रेमनी बसवत गेलात तर छोट्या छोट्या चुका साठतात आणि चौकट कागदावर तरंगताना दिसते.

कीफ्रेमचा प्रकार लिनिअर ठेवा. स्मूथ दिसायला छान, पण दोन कीफ्रेमच्या मध्ये तो वळण घेताना कधी कधी ठरवलेल्या जागेच्या पुढे जाऊन परत येतो. शीर्षकाच्या हालचालीला ते शोभतं. इथे त्याच दोन-चार फ्रेमवर नंबर उघडा पडेल. डिस्क्रीट तर नकोच, त्यात चौकट पुढच्या कीफ्रेमपर्यंत जागची हलत नाही.

नव्या आवृत्त्यांत ‘मोशन ट्रॅकर’ नावाचा फिल्टर आहे. तो यादीत आधी लावायचा, कागदाभोवती चौकट आखायची आणि विश्लेषण चालवायचं. काम पूर्ण झालं की सिंपल शेपमध्ये ट्रॅकरमधून कीफ्रेम आणायचं बटण वापरायचं. ट्रॅकरला पकडायला ठळक तपशील हवा असतो: कागदाचा कोपरा, गडद मजकूर, बोट आणि कागद यांच्या मधली कड. कोरा पांढरा भाग दिला तर तो घसरतो. त्यात अल्गोरिदम निवडता येतो. केसीएफ वेगवान आहे, पण वस्तू जवळ आली तरी चौकटीचा आकार बदलत नाही. तुमचा कागद जवळ येतो, म्हणून सीएसआरटी घ्या. वेळ जास्त लागतो, पण आकारातला फरक तो सांभाळतो. कागदासमोरून हात गेला तर कोणताही ट्रॅकर चुकू शकतो. तेवढ्या फ्रेम नंतर हाताने दुरुस्त करा.

सॉफ्टनेसबद्दल एक गोष्ट. कड मऊ केली की कडेजवळ इफेक्ट अर्धवट लागतो, म्हणजे मूळ चित्र तिथून डोकावतं. नंबरचा पहिला आणि शेवटचा अंक नेमका त्याच पट्ट्यात येतो. सॉफ्टनेस शून्याच्या आसपास ठेवा किंवा चौकट दोन्ही बाजूंनी एकेक अंक बसेल इतकी मोठी घ्या.

काळाचौकोन

वर सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण इथे ब्लर हा इफेक्टच चुकीचा आहे आणि हे मी आग्रहाने सांगतोय. फोन नंबर, खाते क्रमांक, गाडीचा नंबर, पासवर्ड हे ब्लरने किंवा मोझेइकने (चित्राचे मोठे एकरंगी चौकोन करणाऱ्या इफेक्टने) झाकू नका.

चेहऱ्याचे प्रकार अगणित, पण अंक फक्त दहा. ब्लर किंवा मोझेइक माहिती पुसत नाही, शेजारच्या पिक्सेलांत पसरवतो, त्यांची सरासरी काढतो. अक्षरांचा आकार आणि आकारमान साधारण माहीत असलं की प्रत्येक अंक त्याच प्रमाणात धूसर करून जुळवून पाहता येतो. मोझेइक केलेल्या मजकुरावर हे करणारी साधनं इंटरनेटवर उघड मिळतात. व्हिडिओत तर धोका वाढतो. कागद सरकला की मोझेइकचे चौकोन प्रत्येक फ्रेममध्ये अंकांच्या वेगळ्या भागावर पडतात, म्हणजे एकाच नंबरचे शेकडो वेगवेगळे अर्धवट नमुने तुम्ही स्वतः देता.

उपाय सोपा आहे. सिंपल शेप आणि अप्लायच्या मध्ये ब्लरऐवजी ‘ब्राइटनेस’ लावा आणि पातळी शून्य टक्क्यांवर आणा. आकाराच्या आत शुद्ध काळा चौकोन होतो, त्यातून काहीच परत काढता येत नाही. काळा चौकोन डोळ्याला खुपत असेल तर त्याच्यावर, म्हणजे अप्लायच्या खाली, आणखी एक सिंपल शेप, ब्लर, अप्लाय अशी जोडी लावा आणि तिची चौकट थोडी मोठी घ्या. धूसर होतो तो काळा चौकोन आणि त्याची कड. नंबर आधीच गेलेला असतो. या दुसऱ्या जोडीला हवा तेवढा सॉफ्टनेस द्या.

सुरुवात-शेवट ठरवताना नंबर वाचता येतो तिथून सुरू करू नका, कागद फ्रेममध्ये शिरतो तिथून करा. हात वेगात असताना कागद पुसट दिसतो आणि चालू व्हिडिओत वाचता येत नाही, पण थांबवून एकेक फ्रेम पाहिली तर एखादी फ्रेम मध्येच स्वच्छ निघते. कॅमेरा फोकस शोधत असताना असं हमखास होतं. शॉटकटमध्ये डाव्या-उजव्या बाणाने एकेक फ्रेम सरकते. ४२च्या आधीचा आणि ५५च्या नंतरचा एकेक सेकंद असा बाणाने पाहा, पूर्ण आकारात. प्रिव्ह्यूचा दर्जा कमी ठेवला असेल किंवा प्रॉक्सी (संपादनापुरती वापरलेली हलकी, लहान प्रत) चालू असेल तर आधी ते बंद करा, कारण लहान चित्रात न वाचता येणारा अंक मोठ्या चित्रात वाचता येतो.

इफेक्ट हळूहळू चढवणं इथे नको. पहिल्या १० फ्रेममध्ये ब्लर शून्यावरून वर येत असेल तर त्या १० फ्रेममध्ये नंबर उघडाच असतो. आणि आवाज ऐका. बोलणारा तोच नंबर तोंडाने सांगत असेल तर चित्र झाकून उपयोग नाही, तेवढा आवाजही बंद करा.

क्लिपकट

खूप उपयोग झाला, मनापासून आभार. ब्लरऐवजी ब्राइटनेस घेतला, सीएसआरटी ट्रॅकरने चौकट कागदाबरोबर नीट जातेय. दोन गोष्टी राहिल्या.

पहिली: शॉटकटमध्ये ४२.०० सेकंदांवर लावलेली सुरुवात निर्यात केलेल्या फाइलमध्ये किंचित उशिरा येतेय असं वाटतं, आणि क्लिपच्या शेवटाकडे चौकट आणि कागद यांच्यात थोडं अंतर पडतं. प्रिव्ह्यूत तसं दिसत नाही. मूळ व्हिडिओ मोबाइलवर घेतलेला आहे.

दुसरी: याच क्लिपमध्ये पुढे उलटं करायचंय. सगळं कृष्णधवल आणि फक्त टेबलावरची लाल वही रंगीत.

फ्रेमवार

पहिल्याचं कारण बहुतेक बदलता फ्रेमदर. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम असं सांगतो, पण उजेड कमी झाला किंवा फोनवर ताण आला की कुठे २८ तर कुठे ३० अशा फ्रेम घेतो. संपादनाचं सॉफ्टवेअर समान अंतरावरच्या फ्रेम धरून चालतं, त्यामुळे प्रिव्ह्यू आणि निर्यात यांत फरक पडू शकतो आणि क्लिप पुढे जाईल तसा तो वाढतो. शॉटकटमध्ये अशी फाइल टाकली की ती संपादनाला सोयीच्या स्वरूपात बदलून घ्यायची का असं विचारलं जातं. त्याला हो म्हणा आणि सगळं काम त्या नव्या फाइलवर करा. तयार होणारी फाइल मूळपेक्षा बरीच मोठी असते, त्यात काही चूक नाही. ट्रॅकरचं विश्लेषण मात्र नव्या फाइलवर पुन्हा चालवा, जुन्या कीफ्रेम ओढून आणू नका.

निर्यात करताना फ्रेमदर प्रोजेक्टइतकाच ठेवा. प्रोजेक्ट ३०चा आणि निर्यात २५ची केली तर फ्रेम गळतात आणि तुम्ही बाणाने तपासलेल्या फ्रेम आणि बाहेर पडलेल्या फ्रेम वेगळ्या होतात. झाकण्याच्या कामात शेवटची तपासणी नेहमी निर्यात झालेल्या फाइलवर, प्रोजेक्टवर नाही.

दुसऱ्यासाठी सिंपल शेप आणि अप्लायची तीच जोडी, आकार वहीभोवती, आणि सिंपल शेपमधलं ऑपरेशन ‘सबट्रॅक्ट’. आता आकाराच्या आतला भाग वगळला जातो आणि मधला फिल्टर बाकी सगळ्याला लागतो. मध्ये ‘सॅच्युरेशन’ शून्यावर ठेवा. इथे सॉफ्टनेस मोकळेपणाने वापरा, लपवायचं काहीच नाही. वहीभोवतीचं टेबलही रंगीत असेल तर आयताच्या कोपऱ्यांत टेबलाचा रंग राहील. तेव्हा आयत वहीच्या थोडा आत घ्या. लाल कडेचा रंग जरा कमी झालेला कुणाच्या लक्षात येत नाही, पण बाहेर सांडलेला टेबलाचा रंग लगेच दिसतो.

रोटोप्रेमी

इतर सॉफ्टवेअर वापरणारे हा धागा वाचतील म्हणून थोडक्यात.

प्रीमिअर प्रोमध्ये इफेक्ट कंट्रोल्समध्ये प्रत्येक इफेक्टच्या नावाखाली लंबगोल, चौकोन आणि पेन अशी तीन चिन्हं असतात. त्यातलं एक निवडलं की मास्क त्याच इफेक्टपुरता तयार होतो, त्यामुळे शॉटकटसारखी जोडी लावावी लागत नाही. ट्रॅकिंगची बटणं मास्क पाथच्या ओळीत आहेत. शेजारच्या पान्याच्या चिन्हात जागा, आकार आणि फिरणं हे तिन्ही निवडा. फेदर (कडेचा मऊपणा) सुरुवातीलाच १० असतो, तो झाकण्याच्या कामात शून्य करा. वेळेसाठी कंट्रोल आणि ‘के’ने प्लेहेडवर कापता येतं, किंवा वर अॅडजस्टमेंट लेअर टाकून त्याची लांबी हवी तेवढी ठेवता येते. अॅडजस्टमेंट लेअर त्याच्या खालच्या सगळ्या ट्रॅकना लागतो. खाली शीर्षक असेल तर तेही धूसर होईल, शीर्षक त्याच्या वरच्या ट्रॅकवर न्या. रंगाचा मूड हळूहळू बदलायचा असेल तर त्या लेअरच्या टोकांना क्रॉस डिझॉल्व्ह लावता येतो, कीफ्रेमची गरजच राहत नाही. गॉशियन ब्लर पूर्ण फ्रेमला लावताना कडा काळ्या पडल्या तर त्यातलं ‘रिपीट एज पिक्सेल्स’ चालू करा.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये हे काम कलर पानावर सर्वात नीट होतं. नवा नोड (रंगकामाची एक पायरी) घ्या, त्यात पॉवर विंडो (मास्कचा आकार) आखा, ट्रॅकरमध्ये पुढे ट्रॅक करा आणि ब्लर किंवा काळेपणा त्याच नोडवर द्या, तो विंडोपुरताच लागतो. लोक एका ठिकाणी फसतात. विंडो क्लिपच्या पूर्ण लांबीला असते. मधूनच ट्रॅक सुरू केला तर त्याआधीच्या फ्रेमवर ती एका जागी अडकून दिसत राहते. क्लिप आधी एडिट पानावर कापून घ्या, मग फक्त मधल्या तुकड्याला नोड द्या.

केडेनलाइव्हमध्ये शॉटकटसारखाच विचार आहे: वर आकाराचा किंवा रोटोस्कोपिंगचा (हाताने आखलेला) मास्क, मध्ये इफेक्ट, खाली मास्क अप्लाय. क्रम चुकला की लक्षणंही तीच.

कापल्यावर बिघडणारे काही इफेक्ट आहेत, ते सगळ्या सॉफ्टवेअरना लागू. काही इफेक्ट एका फ्रेमपुरते चालतात: ब्लर, रंग, ब्राइटनेस. ते कुठेही कापा. काही आजूबाजूच्या फ्रेम पाहून चालतात: नॉइज कमी करणारे, सावलीसारखा माग सोडणारे, स्थिरीकरण. अशा क्लिपला मध्ये कापलं की तुकड्याच्या पहिल्या फ्रेमला मागची फ्रेम उरत नाही. मग कटच्या जागी दाणेदारपणा एकदम वाढतो किंवा चित्र जरासं सरकतं. स्थिरीकरण प्रत्येक तुकड्यावर वेगळं चालवलं तर प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रमाणात झूम होऊन बसतो आणि दोघांच्या सांध्यावर उडी दिसते. आधी पूर्ण क्लिप स्थिर करा, ती नेस्ट करा (एका नव्या क्लिपमध्ये गुंडाळा) किंवा नवी फाइल म्हणून काढा, आणि मग कापून भागाला इफेक्ट द्या.

हातातलाफोन

फोनवर करणाऱ्यांसाठी: काईनमास्टरमध्ये क्लिपवर इफेक्ट न लावता लेअर, मग इफेक्ट, आणि त्यात मोझेइक किंवा गॉशियन ब्लर घ्या. चौकट चित्रावर बोटाने बसवा आणि टाइमलाइनवर त्या लेअरची दोन्ही टोकं ओढून वेळ ठरवा, म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळता येतात. सरकत्या वस्तूसाठी लेअरला कीफ्रेम देता येतात. नंबर झाकायचा असेल तर वरचं काळाचौकोन यांचं म्हणणं इथेही लागू: इफेक्टच्या जागी एका रंगाचं चित्र लेअर म्हणून टाका. छोट्या पडद्यावर चौकट बरोबर बसल्यासारखी वाटते, तेव्हा टाइमलाइन ताणून मोठी करून तपासा.

कमांडलाइन

अशा पन्नास क्लिपा असतील आणि प्रत्येकात झाकायची जागा एकच असेल (स्क्रीन रेकॉर्डिंगमधला पत्ता, कोपऱ्यातलं नाव), तर खिडकीतलं सॉफ्टवेअर सोडा आणि एफएफएमपेग हे कमांड टाइप करून चालवायचं साधन वापरा.

वेळेसाठी त्यात ‘एनेबल’ हा पर्याय आहे. त्यात ‘बिटवीन’ घालून सुरुवात आणि शेवट सेकंदांत द्यायचा. दोन्ही टोकं धरली जातात, म्हणजे अगदी ५५.०वर असलेली फ्रेमही झाकली जाते. हा पर्याय सगळ्या फिल्टरना नाही. फिल्टरची यादी काढली की ज्यांच्यापुढे ‘टी’ हे अक्षर दिसतं त्यांनाच तो चालतो. बॉक्सब्लर आणि ओव्हरले यांना आहे, क्रॉपला नाही. म्हणून जागेसाठी रचना अशी करतात: चित्राच्या दोन प्रती करा, एकीतून हवा तो आयत क्रॉप करा, त्याला ब्लर द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर त्याच जागी ओव्हरले करा. एनेबल ओव्हरलेला द्या, तेवढं पुरतं. ठरावीक वेळेबाहेर मूळ चित्र जसंच्या तसं जातं.

क्रॉपच्या जागा आणि मापं सम संख्येत ठेवा. बहुतेक व्हिडिओत रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्म्या मापात साठवलेली असते. विषम संख्या दिली तर फिल्टर ती स्वतः बदलतो आणि मग तुकडा एका पिक्सेलने सरकून बसतो. याच कारणाने बॉक्सब्लर कधी कधी त्रिज्या चुकीची आहे असं सांगून थांबतो. त्रिज्या रंगाच्या पट्ट्याच्या लहान बाजूच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही. क्रॉप ८० पिक्सेल उंच असेल तर रंगाचा पट्टा ४० उंच, आणि त्रिज्येची कमाल २०. दहा-पंधरा द्या आणि जास्त धूसर हवं असेल तर त्रिज्येऐवजी फेऱ्या वाढवा. नंबर झाकायचा असेल तर हे सगळं सोडून सरळ भरीव आयत काढणारा ‘ड्रॉबॉक्स’ वापरा, जाडीच्या जागी भरीव असं द्या. त्यालाही एनेबल चालतं आणि क्रॉप-ओव्हरलेची भानगड राहत नाही.

चित्र पुन्हा एन्कोड करावंच लागतं, फक्त आवाज जसाच्या तसा कॉपी करता येतो. पन्नास क्लिपांवर चालवण्याआधी एकीतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्रेम चित्र म्हणून काढून डोळ्यांनी पाहा. जागा एकच आहे असं वाटतं, पण एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये ब्राउझरची खिडकी थोडी खाली असते.

क्लिपकट

फाइल बदलून घेतल्यावर अंतर पडणं थांबलं, निर्यात केलेली फाइल ४१ ते ५६ सेकंद एकेक फ्रेम पाहिली, चौकोन कुठेच सुटलेला नाही. सबट्रॅक्टही जमलं. वहीवर हात येतो तिथे बोटंही रंगीत दिसतात, तेवढं राहिलं आहे.

रोटोप्रेमी

बोटं वहीच्या पुढे आहेत, त्यामुळे आयतात येणारच. वहीच्या आयतानंतर लगेच, ‘सॅच्युरेशन’च्या आधी, दुसरा सिंपल शेप लावा, आकार लंबगोल, ऑपरेशन ‘अॅड’. तो बोटांवर बसवा म्हणजे तेवढा भाग पुन्हा इफेक्टच्या कक्षेत येतो आणि कृष्णधवल होतो. अप्लायही दोन लागतील, एकेका शेपला एकेक, सॅच्युरेशनच्या खाली. बोटं वहीवर असतील तेवढ्याच वेळेपुरता या दुसऱ्या आकाराला आणि त्याच्या अप्लायला सुरुवात-शेवट द्या, नाहीतर हात गेल्यावर वहीवर राखाडी ठिपका उरेल. दोन आकारांचं गणित डोळ्यांसमोर बसत नसेल तर वहीची क्लिप वरच्या ट्रॅकवर प्रत करून, खालची पूर्ण कृष्णधवल ठेवा आणि वरच्या प्रतीला नुसता सिंपल शेप द्या, अप्लाय नको. मग बोटांच्या फ्रेमपुरती वरच्या चौकटीची रुंदी कीफ्रेमने कमी केलीत तरी भागतं.